मानेची चीर वेगळी, बुडाची वेगळी

माझा भाचा टेक्सासमध्ये असतो. लांबच्या नेमबाजीसाठी .308 रायफलची काडतुसं तो घरीच भरतो, म्हणजे झाडलेल्या पितळी पुंगळीत नवी दारू आणि गोळी बसवतो; तिथं त्याला मुभा आहे. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, तेव्हा इथं कुणी हे करायला जाऊ नये. मी बेळगावच्या उद्यमबागेत तीस वर्षं प्रेसवर पितळ ओढलं, म्हणून पितळेची अडचण आली की त्याचा फोन मला येतो. गेल्या श्रावणात म्हणाला, "मामा, ॲनील करूनबी पुंगळ्या तुटालेत." ॲनील म्हणजे पितळ तापवून मऊ करणं. फोटो बघितला आणि मला रागच आला. पुंगळी बुडाच्या वर आडवी चिरली होती, आणि हा तिची मान, म्हणजे गोळी धरणारं अरुंद तोंड, तापवत बसला होता. दुकानदारानं त्याला सांगितलं होतं, अजून थोडं खालपर्यंत तापव. असलं सांगणाऱ्याच्या हातात पितळ देऊ नये.

मानेची चीर पितळेत काम केलेल्या आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. ती उभी असते, तोंडापासून खाली येते. गोळी सुटताना मान फुगते, डाय, म्हणजे पुंगळी मापात आणणारा साचा, ती परत आवळते, आणि असं चार-सहा वेळा झालं की पितळ कडक होऊन फाटतं. घागर ठोकताना तांबट मधेमधे ती भट्टीत धरतो, तेच इथं करायचं. अंधाऱ्या खोलीत मानेवर पहिली फिकट लाली दिसली की ज्योत काढायची. बूड तोवर बोटात धरता येईल इतकं थंड राहायला हवं. पाण्यात टाकलं काय, हवेवर ठेवलं काय, मऊपणात फरक पडत नाही. पाणी पाजून कडक होतं ते पोलाद. पितळेला पाणी फक्त उष्णता बुडाकडे सरकू नये म्हणून. आमच्या शॉपमधले जुने फिटरसुद्धा यावर वाद घालायचे.

आता बुडाची चीर. ती आडवी, बांगडीसारखी, बुडाचा जाड भाग संपून पातळ भिंत सुरू होते तिथं. ती पितळ कडक झाल्यामुळे येत नाही. तिथली भिंत ताणून ताणून पातळ झालेली असते.

कशी, ते बघा. पिन बुडातल्या प्रायमरवर, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीवर, आपटते तेव्हा पुंगळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या तिच्या जागेत, पुढं ढकलली जाते. लगेच दाब चढतो. .308 ला कमाल दाब 62,000 पीएसआय ठरलेला आहे. आपण मोटारीच्या टायरमध्ये 32 भरतो. त्या दाबानं पुढची पातळ भिंत फुगून चेंबरला घट्ट चिकटते. बूड जाड, ते चिकटत नाही, ते मागं सरकून चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला टेकतं. पुढचा भाग अडकलेला आणि मागचा सरकतोय, मग मधली भिंत ताणली जाते. नव्या पुंगळीला पहिल्या वेळी हे थोडं होणारच. त्यानंतर ती त्या चेंबरच्या मापाची होते, आणि तिथंच थांबायला हवं.

थांबू देत नाही ती डाय. डायसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं की ती पुंगळीचं बूड धरणाऱ्या शेलहोल्डरला टेकेपर्यंत फिरवा आणि वर पाव फेरा द्या. सगळ्या रायफलींना चालावं म्हणून ती सूचना आहे. तुमच्या चेंबरचं माप त्या कागदाला माहीत नसतं. भाच्याची डाय पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, दर वेळी 0.23 मिमी मागं दाबत होती. म्हणजे दर गोळीला तीच जागा तेवढीच ताणायची. पाचव्या-सहाव्या वेळी भिंतीत उरतं काय? ती जागा तापवून मऊ होईल, पण गेलेली जाडी परत येणार नाही. उलट बूड मऊ झालं तर तो दाब धरणारा भागच गेला. कारखान्यात बूड मुद्दाम कडक ठेवतात आणि मान मऊ. दुकानदाराचा सल्ला म्हणूनच मला घातक वाटतो.

इलाज डायपाशी आहे. झाडलेल्या पुंगळीचं खांद्यापर्यंतचं माप कंपॅरेटर लावून घ्यायचं, आणि बोल्ट ॲक्शनला, म्हणजे हातानं बोल्ट ओढायच्या रायफलला, खांदा त्याहून 0.03 ते 0.05 मिमीच मागं जाईल अशी डाय बसवायची. एवढा ताण पितळ लवचीकपणात सोसतं. डायचे आटे इंचाला 14, म्हणजे एका फेऱ्याला 1.81 मिमी. 0.05 मिमी म्हणजे जेमतेम दहा अंश. हे अंदाजानं फिरवणारा माणूस आमच्या शॉपमध्ये एक शिफ्ट टिकला नसता.

आणि पुंगळी आतून तपासायची. तारेच्या टोकाला बारीक आकडा वाकवायचा, आत सोडायचा, बुडापासून भिंतीवरून वर ओढायचा. खाच लागली की तार अडकते. बाहेर चकचकीत कडा दिसायची वाट बघू नये. मी भाच्याला एक पुंगळी उभी कापायला लावली. फोटोत भिंतीला आतून नखानं कोरल्यासारखी खाच होती, तिथं कागदाएवढी जाडी उरलेली.

तिसरी एक चीर आहे, न झाडताच येणारी. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेली काडतुसं आपोआप चिरायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळेत राहिलेला ताण, तिघांनी मिळून ते केलं. 1921 मध्ये त्याचा उलगडा झाला. म्हणून अमोनियावालं पॉलिश पुंगळीला लावू नये. तशीही मला चमक नकोच. मक्याच्या कणसाच्या भुशात फिरवून काजळी गेली की पुरे.

निवडीबद्दल माझं मत पक्कं आहे. एकाच लॉटच्या शंभर घ्याव्यात, लापुआ कंपनीच्या परवडल्या तर त्याच, आणि किती वेळा झाडल्या ते डब्यावर लिहावं. लांबी वाढली की कापावी. प्रायमर सैल बसला की पुंगळी टाकावी.

भाच्याच्या शंभरातल्या सदतीस पुंगळ्यांत तार अडकली. त्या त्यानं नुसत्या कचऱ्यात टाकल्या नाहीत. दुसऱ्या कुणी उचलून भरू नयेत म्हणून ऐरणीवर एकेक चेपली, आणि मला व्हिडिओ कॉलवर मोजून दाखवली.