वर्ष सुरू होतं गाढवापासून

नोव्हेंबरच्या शेवटी नागपुरात सकाळचे स्वेटर निघतात, हातगाड्यांवर आंबिया बहाराची संत्री रचली जातात, आणि माझ्या ओळखीच्या एका लूथरन, म्हणजे मार्टिन लूथरच्या प्रोटेस्टंट पंथातल्या, पाळकांच्या घरी चर्चचं नवं वर्ष लागतं. माणूस मूळचा छिंदवाड्याकडचा. टेबलावर हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं, त्यात चार मेणबत्त्या, पेटलेली एकच. उरलेल्या तिन्ही रविवारांना एकेक वाढत जाते. "आमचं वर्ष गाढवापासून सुरू होतं," हे वाक्य ते दर वर्षी न चुकता ऐकवतात.

त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त आहे. चर्चचं वर्ष आगमनकाळाने, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाने, सुरू होतं, आणि ३० नोव्हेंबरला सगळ्यात जवळचा रविवार तो त्याचा पहिला रविवार. लूथरन मंडळ्यांत त्या दिवशी वाचायचा जुना नेमलेला पाठ बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायातला: येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरतो. तेच गाढव मार्च-एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी पुन्हा येतं. पहिल्या वेळी पुढे नाताळ असतो, दुसऱ्या वेळी गुड फ्रायडे.

पाळकाने रविवारामागून रविवार घेत विश्वासावर लिहीत जायचं, या रिवाजाला लूथरनांमध्ये पाचशे वर्षं झाली. १५२१ साली वर्म्सच्या राजसभेपुढे आपल्या लिखाणापासून माघार घ्यायला नकार दिल्यावर जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर वार्टबुर्गच्या गढीत लपला होता. दाढी वाढवलेली, नाव बदललेलं, वेष सरदाराचा. तिथे त्याने नव्या कराराचं जर्मन भाषांतर तर केलंच, शिवाय आगमनकाळ आणि नाताळाच्या नेमलेल्या पाठांवर उपदेश लिहून काढले. कारण अगदी व्यवहारी होतं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी पाळकांना स्वतःचा उपदेश रचता येत नसे. त्यांनी निदान हे वाचून दाखवावेत. वर्षाच्या क्रमाने मनन करण्याची लूथरन परंपरा अशी उसन्या उपदेशांतून उभी राहिली, आणि मला तरी त्यात कमीपणा वाटत नाही.

१५२३ मध्ये त्याने उपासनेची मांडणी बदलली तेव्हा संतांचे बरेचसे सण गाळले, पण ख्रिस्ताच्या जन्म-मरण-पुनरुत्थानाभोवती फिरणारं वर्ष ठेवलं. लूथरनांच्या १५३० च्या आउग्सबुर्गच्या विश्वासकबुलीत तर हे कलमच आहे: शांतता आणि शिस्तीला उपयोगी पडणारे सणवार पाळावेत, मात्र त्यांनी तारण मिळतं असं कुणी समजू नये. "पाळले म्हणून गुण मिळत नाहीत, आणि सोडले म्हणूनही मिळत नाहीत," हा त्याचा आमच्या पाळकांनी लावलेला अर्थ.

हा शेवटचा टोला स्कॉटिश लोकांना असतो. १५६० मध्ये स्कॉटलंडच्या सुधारकांनी बायबलमध्ये आज्ञा नाही म्हणून नाताळासकट सगळे सण उडवले. तिथे नाताळाची सार्वजनिक सुट्टी यायला १९५८ उजाडलं. आणि नागपूरशी ज्या मिशनऱ्याचं नाव कायमचं जोडलं गेलं, तो स्टीफन हिस्लॉप याच स्कॉटिश घडणीचा, फ्री चर्च या तिथल्या मंडळीचा. १८४५ साली तो इथे आला, शाळा काढली, आणि विदर्भातले खडक नि जीवाश्म इतक्या बारकाईने पाहिले की एका खनिजाला त्याचं नाव मिळालं. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ तो बुडून गेला; हिस्लॉप कॉलेज पुढे १८८३ चं. दगडांतला काळ त्याला वाचता येई, पण त्याच्या मंडळीच्या पंचांगात आगमनकाळ नव्हता. कामठीच्या छावणीत मात्र अँग्लिकन आणि कॅथलिक आपापलं वर्ष पाळत होते.

लूथरन आले ते जरा बाजूने. बर्लिनच्या योहानेस गॉस्नर यांनी पाठवलेले जर्मन १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमरकंटकजवळ करंजियात गोंडांमध्ये राहायला गेले आणि त्यातले बहुतेक पटकीत दगावले. १८७७ पासून स्वीडिश आले आणि नरसिंहपूर, सागर, छिंदवाडा या पट्ट्यात रुजले. मध्य प्रांताची राजधानी तेव्हा नागपूर, त्यामुळे येणंजाणं होतंच. मेणबत्त्यांचं कडं हीदेखील लूथरन घरचीच चीज: १८३९ साली हांबुर्गच्या योहान हिन्रिख विखर्न या पाळकाने आपल्या अनाथ मुलांना नाताळाचे दिवस मोजता यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या होत्या. आमच्या पाळकांचं कडं सायकलच्या रिंगचं आहे.

मग १९७०. २९ नोव्हेंबरला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, सीएनआय, स्थापन झाली. तो रविवार होता, आणि आगमनकाळाचा पहिला. ज्या गावात सण न पाळणाऱ्यांनी मिशनची शाळा काढली, तिथेच त्यांचे वारसदार चर्चवर्षाच्या पाडव्याला इतरांशी एक झाले. लूथरन मात्र या मीलनात नव्हते. याबद्दल पाळकांना विचारलं तर ते चहा पुढे करतात.

बाकीचं वर्ष चंद्रावर चालतं. २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर, म्हणून तो पुष्कळदा हनुमान जयंतीच्या आसपास पडतो. २०२३ मध्ये गुरुवारी हनुमान जयंती आणि शुक्रवारी गुड फ्रायडे. पौर्णिमा लवकर आली तर गाठ होळीशी, जशी २०२४ मध्ये पडली.

पेन्टेकॉस्ट, म्हणजे ईस्टरनंतरचा सातवा रविवार, आणि त्याच्या पुढचा त्रैक्य रविवार झाला की पुढे पार नोव्हेंबरपर्यंत मोठा सण असा नाही. वेदीवरचा कपडा हिरवा. लूथरने उपदेश या साध्या रविवारांसाठीही दिले, पण मंडळीत बसणारे डोळे मिटतात, हे पाळक स्वतःच कबूल करतात. त्यांची काळजी वेगळी असते. हिरवा कपडा एकच आहे, तो शुक्रवारी धुतात, आणि जुलैच्या झडीत रविवारच्या आत तो वाळवायचा म्हणजे इस्त्री घेऊन बसावं लागतं.