कोळसा खाणीतील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट व भूपुनःस्थापन

दगडी कोळसा काढताना निघणारे खडक, माती व गाळ सुरक्षितपणे साठवणे आणि खाणकामाने बिघडलेली जमीन वन, कुरण, शेती किंवा जलाशय म्हणून पुन्हा उपयोगात आणणे, या परस्परावलंबी कामांना ही संज्ञा लावतात. कोळसा जळाल्यावर उरणारी राख हा औष्णिक वीज केंद्रांचा विषय असल्याने तिचा येथे विचार केलेला नाही.

टाकाऊ द्रव्याचा सर्वांत मोठा वाटा उघड्या खाणीतील ओव्हरबर्डनचा, म्हणजे कोळशाच्या थरावरील माती, वालुकाश्म व शेल (चिकणमातीचा थरयुक्त खडक) यांचा असतो. भूमिगत खाणीतून त्या मानाने थोडा दगड बाहेर येतो. वॉशरीतून (कोळसा धुण्याच्या कारखान्यातून) भरड दगडाबरोबर कोळशाचे बारीक कण मिसळलेला पातळ गाळही निघतो. फोडलेला खडक फुगून मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापतो. शिवाय पहिल्या खोदकामाच्या वेळी मागे रिकामा खड्डा नसतो, त्यामुळे सुरुवातीचा मलबा खाणीबाहेरच टाकावा लागतो. पुढे कोळसा निघालेल्या भागात भराव करता येतो. शेवटच्या खोदकामाचा खड्डा मात्र बहुधा तसाच राहतो व पाण्याने भरतो.

ढिगाऱ्याला मुख्य धोका पाण्याचा असतो. वेल्समधील ॲबरफान येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी झऱ्यांवर रचलेला सातव्या क्रमांकाचा ढिगारा घसरून १४४ जण दगावले. त्यांत ११६ मुले होती. त्यानंतर ब्रिटनमध्ये १९६९ साली खाणढिगाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. अमेरिकेतील बफेलो क्रीक येथे २६ फेब्रुवारी १९७२ रोजी गाळ अडवणारा बांध फुटून १२५ माणसे मृत्युमुखी पडली. हा बांध खाणीच्याच टाकाऊ दगडाचा होता.

मलब्यातील पायराइट (लोहाचे सल्फाइड) हवा व पाणी यांच्या संपर्काने ऑक्सिडीभूत होऊन सल्फ्यूरिक आम्ल तयार होते, यावर एकमत आहे. त्यातील जीवाणूंचा वाटा मात्र दीर्घकाळ वादाचा होता. कोल्मर आणि हिंकल यांनी १९४७ मध्ये खाणीच्या आम्लयुक्त पाण्यातील लोह-ऑक्सिडीकारक जीवाणूंकडे लक्ष वेधले. ते पायराइटला चिकटून त्याचे थेट विघटन करतात, असे एक मत होते. दुसऱ्या मतानुसार ते फेरस (द्विसंयुजी) लोहाचे फेरिक (त्रिसंयुजी) लोहात रूपांतर करतात आणि पायराइटवर प्रत्यक्ष हल्ला फेरिक आयनच करतो. आम्लयुक्त पाण्यात ही रूपांतराची पायरीच सर्वांत मंद असून जीवाणू तिचा वेग सुमारे दहा लाख पटींनी वाढवू शकतात, असे सिंगर आणि स्टम यांनी १९७० मध्ये दाखवले. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी पृष्ठभागाला चिकटलेल्या जीवाणूंचे महत्त्व त्याने संपत नाही.

आम्लाच्या हिशेबातही मतभेद आहे. प्रचलित हिशेबानुसार पायराइटच्या रूपात १ टक्का गंधक असलेल्या १,००० टन खडकातील आम्ल शमवण्यास ३१.२५ टन कॅल्शियम कार्बोनेट लागते. येथे कार्बन डायऑक्साइड वायू निसटून जातो असे गृहीत धरलेले आहे. तो बंद भरावात अडकून बायकार्बोनेटच्या रूपात पाण्यातच राहिला, तर गरज दुप्पट म्हणजे ६२.५ टनांवर जाते. प्रत्यक्ष स्थिती बहुधा या दोहोंच्या दरम्यान असते. तरीही खोल भरावाची योजना आखताना मोठा आकडा धरणे अधिक सुरक्षित ठरते. हवा व पाणी यांचा संपर्क टळावा म्हणून गंधकयुक्त शेल भूजलाच्या चढउताराच्या पट्ट्याबाहेर व चिकणमातीखाली ठेवतात.

भूपुनःस्थापनाचे यश वरच्या सुपीक मातीवर बरेच अवलंबून असते. ती आधी वेगळी काढतात व शक्यतो लगेच पसरतात, कारण उंच ढिगात फार काळ राहिल्यास आतल्या थरांतील बुरशी व बीजसाठा नष्ट होऊ लागतो. उतार सौम्य करून पायऱ्या काढणे, पाण्याच्या निचऱ्याच्या नाल्या बांधणे आणि नत्र स्थिर करणाऱ्या शिंबावर्गीय वनस्पती लावणे, ही त्यापुढची परिचित कामे होत. घसरण टाळण्यासाठी जमीन अवजड यंत्रांनी फार दाबली तर झाडांची मुळे खोल जात नाहीत. वृक्षलागवडीसाठी वरचा सुमारे सव्वा मीटर थर सैल ठेवण्याची शिफारस त्यातूनच पुढे आली.

अमेरिकेच्या १९७७ च्या कायद्याने उघड्या खाणींची भूमी साधारणतः मूळ उंचसखलपणाला आणण्याचा दंडक घातला. पूर्व जर्मनीतील लाउझिट्झ भागात मात्र लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) खड्ड्यांचे तलाव केले गेले. त्यांतील काहींचे पाणी आम्लधर्मी निघाल्याने त्यांत नौकांतून चुना सोडला जातो. सॅक्सनी-आनहाल्ट राज्यातील नाख्टरश्टेट येथे १८ जुलै २००९ रोजी अशाच एका तलावाचा काठ खचून तिघांचा मृत्यू झाला. वरील अमेरिकन कायद्यानुसार लागवड यशस्वी झाली की नाही याची जबाबदारी खाणचालकावर अखेरच्या पेरणीनंतर पाच वर्षे राहते. वार्षिक पाऊस २६ इंच (सुमारे ६६ सेंमी.) किंवा त्याहून कमी असलेल्या प्रदेशात ही मुदत दहा वर्षांची आहे.