वरसोली ते कुलाबा किल्ला पायी: निघायची वेळ आम्ही का ठरवतो

बुकिंगचा फोन आला की तारखेनंतरचा प्रश्न ठरलेला असतो, 'आम्ही अकरापर्यंत पोहोचलो तर चालेल ना?' काही दिवशी चालतं. काही दिवशी मात्र अकराला किल्ला आणि किनारा यांच्यामध्ये भरलेला समुद्र असतो. म्हणून हे सविस्तर लिहून देतोय. निघण्याआधी सोबतच्या सगळ्यांना एकदा वाचून दाखवा.

आमची फेरी अशी. अलिबागजवळच्या वरसोलीच्या सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरायचं, ओल्या वाळूवरून अलिबागपर्यंत चालत यायचं, ओहोटीत पायी कुलाबा किल्ल्यात जायचं, मग जेवण आणि अलिबाग गाव. यातलं बाकी सगळं पुढेमागे करता येतं. किल्ल्यात जायची वेळ बदलता येत नाही.

ही वेळ घरबसल्या काढता येते. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा आणि तिची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पंचमीला पाच पाऊण म्हणजे पावणेचार. त्याच्या सहा तास आधी आणि नंतर ओहोटी, म्हणजे पावणेदहाच्या सुमारास. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा हिशेब किनाऱ्यावरच्या पिढ्यांचा आहे. घड्याळात थोडं इकडेतिकडे होतं, म्हणून शेवटी आम्ही छापील तक्ता बघूनच वेळ कळवतो.

खरी गफलत पुढे होते. हिशेब कळला की लोक म्हणतात, 'मग अष्टमीचा शनिवार द्या, ओहोटी बरोबर बाराला आहे.' पण अष्टमीला भांग असतो. तेव्हा भरती मोठी नसते, तशी ओहोटीही मोठी नसते. पाणी पुरतं मागे हटतच नाही. मोठ्यांच्या गुडघ्याला लागणारं पाणी लहान मुलांच्या कमरेला लागतं. उलट पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा वाळू लांबवर उघडी पडते, पण पहाटे आणि संध्याकाळी. भर दुपारी किल्ल्याभोवती पाणीच पाणी.

म्हणून आम्ही तृतीया ते पंचमी सकाळची फेरी करतो आणि एकादशी ते त्रयोदशी दुपारची. दुपारच्या फेरीत गाव आधी बघायचं, किल्ला नंतर. तृतीयेला सव्वाआठच्या आसपास ओहोटी असते, त्यामुळे मुंबई-पुण्याहून त्या दिवशी सकाळी निघून ती गाठता येत नाही. आदल्या रात्री मुक्कामालाच या. आमच्याकडे दोन खोल्या आहेत, फेरीच्या लोकांना त्या आधी देतो.

गेल्या हंगामात दहाजणांचं कुटुंब आलं. वाटेत नाश्त्याला थांबले, त्यात दीड तास गेला. आम्ही वाट पाहिली, तीच आमची चूक. किल्ल्यात शिरलो तेव्हा पाणी फिरलं होतं. त्यांच्या आजी महादरवाजापर्यंत आल्या, पण गणपतीचं दर्शन राहिलं आणि आम्हाला त्यांना तिथूनच परत आणावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांपेक्षा जास्त आम्ही कुणासाठीही थांबत नाही आणि चुकलेल्या ओहोटीचे पैसे परत करत नाही. काहींना हे कडक वाटतं. पण पाणी समोरून चालत येताना दिसत नाही. ते किल्ल्याला दोन्ही बाजूंनी वळसा घालतं आणि मध्ये भेटतं. 'अजून पाच मिनिटं, एक फोटो' याला आम्ही नाही म्हणतो ते त्यामुळेच. बाराजणांपेक्षा जास्त माणसं एका वेळी नेत नाही, तेही याच कारणाने.

भरतीला होडी मिळते हे खरं. पण तटाच्या पायथ्याशी उभं राहायला ओहोटीच हवी. तिथले प्रचंड दगड चुना न भरता एकावर एक रचलेत. दोन दगडांच्या फटीत हात घालून बघा, आत गार आणि ओलं लागतं. लाट आदळली की पाणी या फटींत शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. शिवाजी महाराजांनी १९ मार्च १६८० रोजी हे काम सुरू करवलं आणि ३ एप्रिलला ते गेले. किल्ला पुरा केला संभाजी महाराजांनी. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. आतलं गणपतीचं मंदिर राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं, शेजारी गोड्या पाण्याची पुष्करणी आहे. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आमच्या दरात धरलेलं नाही.

गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी, हिराकोट किल्ला आणि इस्राएल आळीतलं बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ. तिथे शनिवारी आम्ही जात नाही, तो त्यांचा प्रार्थनेचा दिवस. चुंबकीय वेधशाळा बाहेरूनच बघायची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यामुळे नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये ती मुंबईच्या कुलाब्याहून आपल्या या कुलाब्याला आली. हे सांगितलं की मुलं हमखास थांबून ऐकतात.

जेवण घरचं. सुरमई किंवा पापलेट, जे सकाळी चांगलं मिळेल ते, आणि सोलकढी. शाकाहारींना वालाचं बिरडं. हंगाम असेल तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ आदल्या दिवशी सांगून ठेवा, ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणून ठेवतो.

पायात मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, नुसत्या चपला ओल्या वाळूत रुततात. किल्ल्याजवळचे खडक शेवाळलेले असतात. मोबाईलला प्लॅस्टिकची पिशवी. जून ते सप्टेंबर फेरी बंद.

फोन करताना एकच तारीख धरून बसू नका. सोयीचे दोन-तीन शनिवार-रविवार सांगा, त्यातला ओहोटीला बसणारा कोणता ते आम्ही बघून कळवतो. आदल्या संध्याकाळी नक्की वेळेचा निरोप येईल. त्यात लिहिलेली वेळ वरसोलीच्या वाळूवर उभं राहण्याची असते, घरून निघण्याची नव्हे.