श्रीलंकेतली भारतीय घरकुल योजना: घर कोणाला मिळायचं, कागद कुठले लागायचे

मे 2009 मध्ये श्रीलंकेच्या सैन्याचं तमिळ वाघांशी (एलटीटीई) चाललेलं युद्ध संपलं आणि जाफना, किलिनोच्ची, मुल्लैतीवूकडची माणसं छावण्यांतून गावी परतली, तर बऱ्याच जणांच्या घराच्या नुसत्या भिंती उरलेल्या, कुठे त्याही नाहीत. भारताने अशांसाठी 50,000 घरांची योजना आणली, पूर्णपणे अनुदान, कर्ज नाही. पहिली 1,000 घरं कंत्राटदाराने बांधली पण 2 ऑक्टोबर 2012 ला पुढचा टप्पा सुरू झाला तेव्हा पद्धतच बदलली, पैसे थेट घरमालकाच्या बँक खात्यात आणि बांधकाम त्यानेच करून घ्यायचं. माझ्या मते हा सगळ्यात चांगला निर्णय होता.

पात्रता म्हणाल तर उत्तर किंवा पूर्व प्रांतातलं, विस्थापित होऊन परतलेलं कुटुंब हवं, घर पडलेलं किंवा मोडलेलं हवं आणि दुसऱ्या कुठल्या संस्थेकडून घर मिळालेलं नको. विधवा बायका, अपंग, म्हातारी माणसं असलेल्या घरांना आधी प्राधान्य. निवडलेल्यांची यादी गावात लावायचे, कोणाचा आक्षेप असेल तर तो ऐकून घ्यायचे.

कागदांत ओळखपत्र, बँकेचं पासबुक, ग्राम निलधारीचा (आपल्याकडच्या तलाठ्यासारखा अधिकारी) रहिवासाचा दाखला आणि जमिनीचा पट्टा किंवा खरेदीखत. खरी अडचण या शेवटच्या कागदाची. पळापळीत कोणाचे कागद जळाले, कोणाचे हरवले, कोणाची जमीन सैन्याच्या ताब्यात, मग घर सगळ्यात जास्त कोणाला हवंय हे दिसत असूनही जमीन सिद्ध होत नाही म्हणून माणूस मागे राहायचा. हे मला अजिबात पटत नाही, आधी जमिनीचा प्रश्न सोडवायला हवा होता.

नव्या घराला साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, दुरुस्तीला अडीच लाख, तेही एकदम नाही तर हप्त्यांनी. पाया झाला, भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, की यूएन-हॅबिटॅट (संयुक्त राष्ट्रांची घरं-वस्त्यांचं काम बघणारी संस्था), रेडक्रॉस वगैरे संस्थांचे लोक येऊन बघणार आणि मग भारतीय उच्चायोगाकडून पुढचा हप्ता. घर साधारण 550 चौरस फुटांचं धरलेलं. सिमेंट-वाळूचे भाव चढले किंवा हौसेने एक खोली वाढवली की वरचा खर्च स्वतःचा, त्यात कित्येक कुटुंबं कर्जात गेली.

मध्य आणि उवा प्रांतातल्या चहामळ्यांतली 4,000 घरं याच योजनेच्या नंतरच्या टप्प्यातली, पण तिथे जमीन मळ्याची असल्यामुळे कामगाराला आधी 7 पर्च (साधारण 1,900 चौरस फूट) जागा मिळणं गरजेचं होतं.