तलावात पाणी किती आलं ते गाळाला विचारा

कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला एल्समिअर नावाचं बेट आहे आणि त्या बेटावर जवळजवळ ८२ अंश उत्तरेला हेझन नावाचा तलाव आहे, म्हणजे तिथून उत्तर ध्रुव फक्त ९०० किलोमीटरच्या आसपास. तलाव मात्र चांगला मोठा, सत्तर किलोमीटर लांब, सगळ्यात खोल जागी २६७ मीटर, आणि आत साधारण ५१ घन किलोमीटर पाणी. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर १८०० टीएमसी. कोयना काठोकाठ भरलं की १०५ टीएमसी होतं, तेव्हा अशी सतरा कोयना धरणं एका तलावात.

गंमत म्हणजे एवढं पाणी ज्या भागात साठलंय तो भाग वाळवंटच आहे, थंड वाळवंट. वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून १०० मिलीमीटरच्या आसपास पडतो, मुंबईत जुलैत तेवढा एका दिवसात पडून जातो. मग तलावाला पाणी देतं कोण? हिमनद्या. हेझनच्या पाणलोट क्षेत्राचा जवळजवळ चाळीस टक्के भाग बर्फाच्या जाड थरांखाली आहे, उन्हाळ्यात त्यांच्या तोंडातून गिलमन, हेन्रिएटा नेस्मिथ, स्नो गूज अशा नद्या निघतात आणि तलावात येऊन मिळतात. बाहेर जायला वाट एकच, रगल्स नदी, ती पुढे समुद्राच्या खाडीला जाते. वर्षातला बराच काळ तलावावर बर्फाचं झाकण असतं त्यामुळे वाफ होऊन जाणारं पाणी थोडंच. म्हणजे जमाखर्च अगदी सरळ आहे आणि जमेच्या बाजूला मोठा हात हिमनद्यांचा, म्हणूनच उन्हाळा थोडा जरी तापला तरी सगळा हिशोब हलतो.

आणि तो हललाच. २०१८ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या जर्नलमध्ये हेझनच्या पूर्ण पाणलोटाचा अभ्यास आला, त्यात दिसलं की उन्हाळ्याचं तापमान साधारण एका अंशाने वाढलं आणि हिमनद्यांचं पाणी तलावात जवळजवळ दहापट यायला लागलं. फक्त एक अंश! तलावातलं पाणी पूर्ण बदलायला आधी ८९ वर्षं लागायची, आता २५. भागाकार करून बघा, आधी वर्षाला साधारण २० टीएमसी पाणी तलावातून पुढे जायचं, आता ७० च्या आसपास जातं. कुणी विचारेल की दहापट पाणी आलं तर मुदत दहापटीने का नाही घटली, तर दहापट वाढ ही फक्त हिमनद्यांच्या पाण्यात झालीय, आजूबाजूच्या डोंगरांवरचा बर्फ वितळून येणारं पाणी त्यात धरलेलं नाही.

आता गाळाकडे येऊ, कारण मला खरा जीव तिथे दिसतो. हिमनदी म्हणजे एक जातंच, वरचा प्रचंड बर्फ खालच्या खडकावरून इंचाइंचाने सरकतो आणि दगडाचं पीठ पाडतो, आणि ते पीठ इतकं बारीक असतं की नदीचं पाणी राखाडी दुधासारखं दिसतं. हे पाणी तलावाला मिळतं तेव्हा काय होतं ते बघण्यासारखं आहे. गोडं पाणी सगळ्यात जड असतं ४ अंशाला, नदीचं पाणी शून्याच्या जवळपासचं, म्हणजे किंचित हलकं, ते खरं तर वर तरंगायला पाहिजे. पण लिटरभर पाण्यात पाव ग्रॅम गाळ असला, चिमटीत मावेल एवढाच, तरी पारडं फिरतं आणि पाणी तळाकडे सूर मारतं. उतारावरून ते गढूळ प्रवाह थेट खोल भागात जातात आणि बरोबर ऑक्सिजनही नेतात, म्हणजे दोनशे मीटर खालच्या काळोखात काय चाललंय हे वरच्या हिमनद्या किती वितळतायत त्यावर ठरतं.

तळाशी तो गाळ थर होऊन बसतो. जरा जाडसर कण आधी बसतात, आणि अगदी बारीक चिकणमाती वरचं पाणी गोठून शांत झाल्यावर, लाट नाही वारा नाही, सावकाश खाली येते. शास्त्रज्ञ बर्फाला भोक पाडून किंवा बोटीतून नळी सोडतात आणि हा चिखल उभाच्या उभा वर काढतात, मग त्यात शिशाचं आणि सीझियमचं किरणोत्सारी रूप मोजून कुठला थर कधीचा ते ठरवतात. सीझियम आलं अणुबॉम्बच्या चाचण्यांमधून, १९६३ च्या सुमाराला सगळ्यात जास्त, त्यामुळे तो थर सापडला की तारखेची खूणच मिळते. तिथे वर्षानुवर्षं पाणी मोजायला कुणी बसलेलं नव्हतं, १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात कॅनडाच्या लोकांनी तिथे तळ टाकला तेव्हा पहिल्यांदा नीट मोजमाप झालं, म्हणून जुना हिशोब गाळातच शोधावा लागतो. आणि अलीकडच्या थरांमध्ये गाळ साठायचा वेग पूर्वीच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढलेला दिसतो.

बरं, नुसती माती येत नाही. बर्फात अडकून पडलेले जुने प्रदूषक पदार्थ, सेंद्रिय कार्बन, सगळं त्याच्याबरोबर खाली येतं. पूर्वी कधी कधी उन्हाळा संपला तरी तलाव पूर्ण मोकळा व्हायचा नाही, आता बर्फ जवळजवळ दरवर्षी निघून जातो, आणि डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं काठाच्या तळाशी वाढायची ती जाऊन खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या जाती वाढल्या. या तलावात मासा एकाच जातीचा, ‘आर्क्टिक चार’ (Arctic char) नावाचा. त्याच्या अंगावरचं मांस कमी झालंय, लांबीच्या मानाने वजन उतरलंय. या माशाचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही.

एक गोष्ट मात्र उलट्या दिशेची. नुकतंच दळलेलं दगडाचं पीठ पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, खडकाची रासायनिक झीज होताना तो त्यात खर्च होतो, आणि हेझनला मिळणाऱ्या नद्यांमध्ये हे प्रत्यक्ष मोजलं गेलंय. पृथ्वीच्या हिशोबात हे लहानच, पण वितळणाऱ्या बर्फाच्या पाण्यात असं चालू असेल हे बऱ्याच जणांच्या ध्यानीमनी नव्हतं.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की आपण तुरटी फिरवतो आणि तासाभराने माती हंड्याच्या तळाशी बसते. हेझनमध्ये तुरटी नाही पण २६७ मीटर खोली आहे आणि वेळ आहे, त्यामुळे एका टोकाला राखाडी नद्या शिरतात आणि दुसऱ्या बाजूने रगल्स जे पाणी घेऊन जाते ते निवळलेलं असतं, माती जवळजवळ सगळी आतच राहते.