सुपरमॅन कुणाचा? बड्या आणि स्वतंत्र कॉमिक्स प्रकाशकांच्या वादामागची पार्श्वभूमी

अमेरिकी कॉमिक्सचे चार चाहते एकत्र जमले की मार्व्हल-डीसी बरे की छोटे स्वतंत्र प्रकाशक, हा विषय निघतोच आणि बहुतेक वेळा आवडीनिवडीवर येऊन अडकतो. एकाला महानायकांची हाणामारी हवी असते, दुसऱ्याला काळ्या-पांढऱ्या रेषांतली घरगुती दुःखं. मी दोन्ही वाचतो. बॅटमॅन मला अजून सुटलेला नाही, आणि स्वतंत्र म्हणून छापलेला पुष्कळसा माल रद्दीच्या लायकीचा असतो हेही ठाऊक आहे. पण या वादाच्या मुळाशी गेलं की दोन रुक्ष प्रश्न हाती लागतात. पात्रं कागदोपत्री कुणाच्या नावावर? आणि न खपलेल्या अंकांचा तोटा कुणाच्या माथी?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक अंकात छापलेलं असतं. मुखपृष्ठाच्या आत किंवा एखाद्या पानाच्या तळाशी, भिंग लावून वाचावा अशा बारीक टाइपात. बॅटमॅनच्या अंकात तिथे डीसी कॉमिक्सचं नाव दिसतं. इमेज या स्वतंत्र प्रकाशकाच्या 'सागा' या कॉमिक्सच्या अंकात ब्रायन के. व्हॉन आणि फिओना स्टेपल्स या लेखक-चित्रकार जोडीचं. दुकानात दोन्ही अंक शेजारी शेजारी मांडलेले असतात, किंमतही साधारण सारखीच. फरक त्या एका ओळीत असतो, आणि ती ओळ बदलायला अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ गेला.

गोष्ट सुरू होते एका चेकपासून. तारीख १ मार्च १९३८, रक्कम ४१२ डॉलर. क्लीव्हलंडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या तेविशीतल्या दोन पोरांना तो त्यांच्या प्रकाशकाने, म्हणजे आजच्या डीसीने, पाठवला. त्यात निरनिराळ्या कामांचे पैसे होते आणि एका ओळीत लिहिलं होतं: सुपरमॅन, १३० डॉलर. तेरा पानं, पानाला दहा डॉलर, हिशेब चोख. चेकवर दोघांच्याही आडनावांची स्पेलिंगं चुकलेली होती, ती गोष्ट वेगळी. या १३० डॉलरमध्ये पानं गेली आणि पानांबरोबर पात्राचे सगळे हक्कही गेले. पुढे १९४७ मध्ये दोघे कोर्टात गेले. तडजोडीत काही पैसे मिळाले, पण हक्क मिळाला नाही आणि सुपरमॅनच्या गोष्टींवरून त्यांची नावं उडाली. १९७५ मध्ये सुपरमॅनवर मोठा सिनेमा निघणार अशी बातमी आली तेव्हा सीगलने वर्तमानपत्रांना पत्रं पाठवून आपली हलाखी जगजाहीर केली. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी बाजू लावून धरली. मग कुठे डीसीची मालक असलेल्या वॉर्नर कंपनीने दोघांना वर्षाला २०,००० डॉलरचं निवृत्तिवेतन आणि श्रेयनामावलीत जागा दिली. तो चेक मात्र २०१२ मध्ये लिलावात १,६०,००० डॉलरला गेला.

यात प्रकाशक खलनायक होता असं म्हणून मोकळं होता येत नाही. स्वस्त मासिकांच्या धंद्यात पानामागे दर ठरवून सगळं विकत घ्यायची तेव्हाची रीतच होती. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आलेला वेताळही सिंडिकेटच्या, म्हणजे वर्तमानपत्रांना चित्रकथा पुरवणाऱ्या कंपनीच्याच मालकीचा. ली फॉकने तो १९३६ मध्ये निर्माण केला, हक्क किंग फीचर्सकडे. आणि निर्माता हुशार निघाला की सगळ्यांचं भलं होतं असंही नाही. बॉब केनने बॅटमॅनसाठी असा करार करून घेतला की दर अंकावर त्याचं एकट्याचं नाव यावं. बिल फिंगरने बॅटमॅनला रूप दिलं, गोष्टी लिहिल्या, आणि त्याचं नाव अधिकृतपणे जोडलं गेलं २०१५ मध्ये, त्याच्या मृत्यूला चाळीसहून अधिक वर्षं उलटल्यावर. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण कॉमिक्सच्या धंद्याइतकी चपखल क्वचितच कुठे बसेल.

पन्नाशीच्या दशकात छोट्यांची दारं दुसऱ्याच कारणाने बंद झाली. कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असा गहजब झाला, १९५४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि बड्या प्रकाशकांनी स्वतःच एक आचारसंहिता लागू केली. तिचा शिक्का मुखपृष्ठावर नसेल तर घाऊक वितरक गठ्ठे उचलेनात. भयकथांसाठी गाजलेली ईसी कॉमिक्स या तडाख्यात आडवी झाली, तिचं विनोदी 'मॅड' तेवढं मासिकाच्या रूपात तगलं. वितरक हाच खरा मालक, हे तेव्हा मार्व्हललाही कळून चुकलं. १९५७ मध्ये तिचा वितरक बुडाला आणि तिला प्रतिस्पर्धी डीसीच्याच भावकीतल्या वितरण कंपनीच्या दारात जावं लागलं. त्या कंपनीने महिन्याला जेमतेम आठ अंकांची मुभा दिली. स्पायडरमॅन आणि हल्क जन्मले ते अशा तंगीत. आज जिला आपण 'बडी' म्हणतो तिचे हे दिवस चाहते सहसा विसरतात.

शिक्क्याला पहिला उघड धुडकावा मिळाला सॅन फ्रान्सिस्कोत. १९६८ मध्ये चित्रकार रॉबर्ट क्रम्बचा 'झॅप' हा कॉमिक्सचा अंक निघाला. हिप्पींच्या वस्तीत तो बाबागाडीत घालून रस्त्यावर विकला गेला, पुढे चिलमी आणि पोस्टर विकणाऱ्या दुकानांतून. त्यातलं बरंच काही आज वाचवत नाही, स्त्रियांबद्दलचं तर नाहीच. पण दोन गोष्टी क्रम्ब आणि त्याच्यासारख्या चित्रकारांच्या कंपूने करून दाखवल्या. हक्क चित्रकाराकडेच ठेवले, आणि दुकानदाराने घेतलेला माल परत घ्यायचा नाही असा व्यवहार केला.

ही दुसरी गोष्ट फिल सूलिंग या गृहस्थाने उचलली आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच. ब्रुकलिनमधला शाळामास्तर, कॉमिक्सचे मेळावे भरवणारा. तोवर अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर परतीच्या बोलीवर जात. न खपलेल्या प्रतींचा पुरावा म्हणून मुखपृष्ठ फाडून परत पाठवायचं, उरलेला अंक रद्दीत. त्यामुळे छापलेल्या प्रतींपैकी मोठा हिस्सा वाया जाणार हे प्रकाशक गृहीतच धरून चाले आणि एवढी छपाई पदरची घालवण्याची ऐपत फक्त बड्यांची. सूलिंगने सत्तरीच्या सुरुवातीला प्रकाशकांपुढे सौदा ठेवला: मी अंक थेट तुमच्याकडून घेतो, एकही परत करणार नाही, त्या बदल्यात मला जास्त सूट द्या. बड्यांना तो फायद्याचा वाटला म्हणून त्यांनी मानला. पण त्यातून फक्त कॉमिक्स विकणारी दुकानं उभी राहिली. दुकानदार दोन-तीन महिने आधी मागणी नोंदवणार, प्रकाशक तेवढंच छापणार, पैसे बुडण्याची धास्ती नाही. दोन-तीन हजार प्रती छापूनही आता घर चालवता येणार होतं. स्वतंत्र कॉमिक्सची चळवळ म्हणून जे सांगितलं जातं त्याच्या मागे आदर्शवाद असेलही, पण त्याआधी हा वाण्याचा हिशेब आहे.

आणि मग रीघ लागली. कॅनडातल्या डेव्ह सिमने डिसेंबर १९७७ मध्ये 'सेरेबस' सुरू केलं आणि २००४ मध्ये बरोबर तीनशेव्या अंकावर संपवलं. उत्तरार्धात त्याची स्त्रियांबद्दलची मतं वाचून निम्मे वाचक पळाले, मीही त्यांच्यातलाच. पण स्वतःच्या पैशाने सव्वीस वर्षं एक कथा ओढून नेणं येऱ्यागबाळ्याचं काम नव्हे. वेंडी आणि रिचर्ड पिनी या जोडप्याने 'एल्फक्वेस्ट' घरून काढलं. हर्नांडेझ बंधूंचं 'लव्ह अँड रॉकेट्स' १९८२ पासून फँटाग्राफिक्सने छापलं आणि त्यातल्या मॅगी आणि होपी वाचकांबरोबर वयाने वाढत गेल्या. सुपरमॅनला ते कधीच जमणार नाही, कारण त्याचं वय हा कंपनीचा ऐवज आहे.

१९८४ मध्ये केविन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी कराचा परतावा आणि काकांकडून उसने घेतलेले पैसे घालून जेमतेम तीन हजार प्रतींचा एक अंक छापला, महानायकांची टर उडवणारा. ती चार निन्जा कासवं खेळण्यांपासून सिनेमापर्यंत कुठे पोचली ते सांगायला नको. त्या यशामागे धावत शेकडो काळे-पांढरे अंक निघाले, दुकानदारांनी दामदुपटीच्या आशेने गठ्ठेच्या गठ्ठे भरले आणि १९८७ च्या सुमाराला सगळा फुगा फुटला. माल परत जात नव्हता. प्रकाशकाला वाचवणाऱ्या अटीने दुकानदाराला बुडवलं.

त्याच काळात जॅक कर्बीचं प्रकरण पेटलं. मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन ली याच्याबरोबर फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर घडवणारा हा चित्रकार. त्याने मार्व्हलसाठी हजारो पानं काढली होती आणि मूळ पानं चित्रकारांना परत द्यायची पद्धत आता सुरू झाली होती. इतरांना छोटासा कागद सही करून पानं मिळाली. कर्बीपुढे चार पानी करार ठेवला गेला आणि देऊ केली ८८ पानं. चाहते, समव्यावसायिक, डीसीतले लोकसुद्धा त्याच्या बाजूने उभे राहिले. १९८७ मध्ये सुमारे १,९०० पानं परत आली, बाकीची गेली ती गेलीच. हक्कांचा तंटा वारसांपर्यंत चालला आणि २०१४ मध्ये तडजोडीने मिटला. डीसीत ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांनी 'वॉचमेन' करताना अट घातली होती की पुस्तक वर्षभर बाजारात नसेल तर हक्क आपल्याकडे यावेत. पुस्तक १९८७ पासून आजवर अखंड छापलं जातंय. अट शब्दशः पाळली गेली आणि हक्क काही आले नाहीत.

१९९१ मध्ये जिम लीने चितारलेल्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाची मागणी ऐंशी लाखांच्या वर गेली. हा आकडा दाखवून पुढच्याच वर्षी तो, टॉड मॅकफार्लेन, रॉब लायफेल्ड आणि मार्व्हलचे आणखी काही खपाऊ चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स काढली. इमेजकडे स्वतःचं नाव आणि बोधचिन्ह एवढंच. बाकी सगळं ज्याचं त्याचं. बाहेरच्या निर्मात्यांसाठीही हाच नियम राहिला: प्रकाशनाची ठरावीक रक्कम कापून उरलेलं निर्मात्याचं. पहिल्या वर्षांतले अंक आज चाळले तर दात ओठ खाणारे पुरुष आणि पायच न दाखवलेल्या चौकटी तेवढ्या लक्षात राहतात, शिवाय अंक महिनोन्‌महिने उशिरा येत. पण हक्काची ओळ बदलली ती इथे, आणि मोठ्या प्रमाणात.

गंमत अशी की मॅकफार्लेनच्याच 'स्पॉन'मध्ये लेखक नील गेमनने एका अंकासाठी अँजेला आणि आणखी दोन पात्रं निर्माण केली आणि त्यांच्या हक्कांसाठी गेमनला मॅकफार्लेनवर दावा लावावा लागला. २००२ मध्ये गेमन जिंकला, २००४ मध्ये अपिलातही. २००३ मध्ये इमेजकडून निघालेल्या 'वॉकिंग डेड'चा पहिला चित्रकार टोनी मूर यानेही २०१२ मध्ये लेखक रॉबर्ट किर्कमनला कोर्टात खेचलं, तेव्हा किर्कमन इमेजचा भागीदार झालेला होता. आणि जिम लीने आपला वाइल्डस्टॉर्म हा उपक्रम डीसीला विकला आणि यथावकाश तो डीसीचाच प्रकाशक झाला.

त्याला नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. इमेजकडे पात्र तुमचं, पण अंक बाजारात येऊन पैसे हाती येईपर्यंत महिनोन्‌महिने घरचं खाऊन काम करायचं. डीसी-मार्व्हल पान दिलं की पैसे देतात. भाडं भरायचं असलेल्या चित्रकाराने वर्षातले आठ महिने बॅटमॅन काढावा आणि उरलेल्या चारांत स्वतःचं काही, हीच आजची सर्रास रीत आहे. कितीतरी स्वतंत्र अंक बॅटमॅनच्या पैशावर निघतात.

वितरणाचं चाक मात्र पुन्हा उलटं फिरलं. डिसेंबर १९९४ मध्ये मार्व्हलने हीरोज वर्ल्ड ही वितरण कंपनी विकत घेऊन आपले अंक तिच्यामार्फतच द्यायचे ठरवलं. घाबरून डीसी, इमेज, डार्क हॉर्स डायमंड या वितरकाला बांधले गेले, बाकीचे वितरक बुडाले किंवा गिळले गेले. मार्व्हलचा प्रयोग फसला, १९९६ अखेर कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिलाही डायमंडकडे यावं लागलं. पुढची दोन दशकं अमेरिकेतल्या कॉमिक्स दुकानांना माल पुरवणारा बडा वितरक एकच. छोट्या प्रकाशकाचं जगणं त्याच्या कॅटलॉगमधल्या चौकटीवर अवलंबून. ज्यांना जमलं त्यांनी दुसरी वाट धरली: जेफ स्मिथने स्वतः छापलेलं 'बोन' २००५ मध्ये स्कोलॅस्टिकने रंगीत करून शाळांपर्यंत नेलं, आणि मुलांच्या कॉमिक्सचा खरा बडा प्रकाशक त्यानंतर मार्व्हल-डीसीच्या बाहेरच तयार झाला.

२०२० मध्ये टाळेबंदीत डायमंडचा पुरवठा थांबला आणि डीसी बाहेर पडली. २०२१ मध्ये मार्व्हल पेंग्विन रँडम हाउसकडे गेली. बडे निघून गेल्यावर डायमंडचा खर्च छोट्यांच्या मालावर भागेना आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. गोदामात अनेक छोट्या प्रकाशकांची पुस्तकं नुसती विक्रीसाठी ठेवलेली होती. पैसे खपल्यावर मिळायचे, तोवर मालकी प्रकाशकाचीच, अशी त्यांची समजूत. जूनमध्ये डायमंडने देणी भागवण्यासाठी तो साठा विकण्याची परवानगी न्यायालयाकडे मागितली आणि छोटे प्रकाशक वकील करून हरकत घ्यायला उभे राहिले.