आवळून पाणी थांबत नाही

माझा भाचा इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. कॉम्प्युटर पाण्यानं थंड करायची जोडणी त्यानं यंदा पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं केली. प्रोसेसरवर तांब्याचा ब्लॉक, पंप, टाकी, रेडिएटर आणि या सगळ्यांमधून फिरणारी मऊ नळी. फिटिंग, म्हणजे नळी जोडायची तोंडं, बसवताना त्यानं घरी येणाऱ्या नळवाल्याचंच पाहून केलं: आट्यांवर पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पान्यानं कचकचून आवळलं. सकाळी टाकीच्या अ‍ॅक्रिलिकला केसाएवढी चीर आणि खाली ओघळ. ‘मामा, एवढं घट्ट करूनही गळलं कसं?’

घट्ट केलं म्हणूनच गळलं. घरच्या लोखंडी पाइपाचे आटे निमुळते असतात. फिरवावं तसे ते एकमेकांत रुततात आणि उरलेली फट टेप भरून काढते. कॉम्प्युटरच्या फिटिंगचे आटे ‘जी १/४’ मापाचे, म्हणजे समांतर. कितीही फिरवा, त्यांच्यात बारीक वाट राहतेच. त्यांचं काम फक्त ओढून धरायचं. पाणी अडवते ती फिटिंगच्या मुळाशी बसलेली छोटीशी काळी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, आणि तिला बोटांचा जोर पुरतो.

या रिंगवर माझा जीव आहे. डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या नील्स क्रिस्टेनसेन यांना तिचं अमेरिकी पेटंट १९३९ साली मिळालं. तिची खुबी अशी: रबर आकार सहज बदलतं, पण त्याचं आकारमान जवळजवळ बदलत नाही. त्यामुळे खाचेत कोंडलेलं रबर दाट द्रवासारखं वागतं. पाण्यानं एका बाजूनं रेटलं, की पास्कलच्या नियमाप्रमाणे तो दाब रबरभर पसरतो आणि रिंग धातूला तेवढीच जास्त चिकटते. बसवताना दिलेला दाब मुळात असतोच, त्यात पाण्याच्या दाबाची भर पडते. म्हणजे सांध्यावरचा रेटा पाण्याच्या दाबाहून कायम वरचढ! अट एकच, रबर लवचीक राहायला हवं. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान कोसळलं, त्यामागे रॉकेटच्या सांध्यातली, थंडीनं ताठरलेली ओ-रिंगच होती.

आपल्याकडचा दाब तर किरकोळ. या कामाचा चांगला पंप पाणी जेमतेम चार मीटर चढवतो, म्हणजे सुमारे ०.४ बार (बार हे दाबाचं एकक, एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेचा दाब). तीन मजली घराच्या गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळाला याच्या दुपटीहून जास्त दाब देते.

नळीचं टोक मात्र वेगळ्या युक्तीनं टिकतं. फिटिंगच्या तोंडाला एकाच दिशेला उतरती कड असते आणि ते नळीच्या पोकळीपेक्षा किंचित जाड असतं. नळी त्यावर ताणून चढते. मूळ मापाला परतायची तिची ओढ हीच पकड. ती ओढून काढायला गेलात तर लांब होताना ती बारीक होते आणि कडेला आणखी आवळते. पण ताणलेलं प्लास्टिक दिवसागणिक सैलावतं, उष्णतेत जास्तच. इंदूरच्या मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असेल, तर आतलं पाणी त्याहून गरमच राहणार. म्हणून बाहेरून दाबणारी आट्यांची कॉलर हवी, नाहीतर सियागंजात मिळते ती साधी क्लिप. नळी धारदार पात्यानं काटकोनात कापावी आणि टोक गरम पाण्यात क्षणभर बुडवून मग चढवावं.

‘वीज न वाहणारं’ असं छापलेल्या महागड्या कूलंटवर, म्हणजे थंड करणाऱ्या द्रवावर, विसंबून सांधे कच्चे ठेवणं मला अजिबात मान्य नाही. शुद्ध पाणीसुद्धा वीज फारशी वाहत नाही, पण धातू आणि धूळ यांतून त्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, उतरतात आणि तो गुण हळूहळू जातो.

टाकी बदलल्यावर आम्ही आधी कोरडी चाचणी घेतली. दाबमापी लावलेल्या हातपंपानं अर्धा बार हवा भरली आणि थांबलो. काटा जरासा उतरला तसा भाचा घाबरला. पण मधेच त्यानं खोलीतला कूलर लावला होता. बंद हवा ३०० केल्विनवरून (सुमारे २७ अंश सेल्सियस) तीन अंश निवली, तर तिचा एकूण दाब एक टक्का घटतो. भरलेला अर्धा बार आणि वातावरणाचा एक, अशा दीड बारमधले ०.०१५ बार. कूलर बंद करून खोली पुन्हा तापू दिली, काटा जागेवर आला. मग पाणी भरलं, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवला आणि मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप रात्रभर चालवला. सकाळी सगळे कागद कोरडे होते.